जाऊ द्या हो!

टेलिफोन ही वस्तू माझ्या आयुष्यात प्रथम आली ती शेजाऱ्यांच्या घरात. डोंबिवलीच्या आमच्या चाळीत बिऱ्हाडं बावीस आणि फोन एक. तो तळमजल्यावरच्या आजोबांकडे. फोनच्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल, शेजारी पत्र्याची डबी आणि डबीखाली शंभर पानी वही. फोन करणाऱ्यानं डबीत आठ आणे टाकायचे आणि वहीत तारीख, नाव नि नंबर लिहायचा, असा दंडक होता. महिनाअखेरीला आजोबा चष्मा पुसून वहीतले कॉल आणि डबीतली नाणी मोजायला बसत. हिशेब जुळला नाही की हातात वही घेऊन तीन जिने चढत आणि दारोदार विचारत, "मंगळवारी सकाळी कोणी फोन केला होता का हो? आठ आणे कमी येताहेत."

आठ आण्यांसाठी सत्तरीचा माणूस तीन जिने चढतो, यात त्यांना किंवा आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही. आठ आणे कमी होते म्हणजे कमी होते. त्यात लाजायचं काय?

आज फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, पण डबी आणि वही दोन्ही कंपनीकडे गेल्या. आणि आजोबांचा तो न लाजता विचारायचा गुण मात्र कुणाकडेच गेला नाही. तो वाटेत कुठेतरी पडला. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

ही गोष्ट २०१४ सालची. मी नुकताच निवृत्त झालो होतो. एका सकाळी माझ्या आतेभावाचा गावाहून फोन आला. म्हणाला, "दादा, आबा गेले." मी गप्प झालो. तोही गप्प झाला. मग जरा चाचरत म्हणाला, "तुमच्याकडे काही कार्य आहे का रे?"

"नाही रे. का?"

"काही नाही. तू फोन उचलेपर्यंत ढोल वाजत होता. आणि कोणी बाई कंबर हलवायला सांगत होती."

अशा रीतीनं माझ्या फोनवर 'हॅलो ट्यून' नावाची सेवा सुरू असल्याचं मला कळलं. या सेवेची गंमत पाहा. तिचे पैसे जो देतो, तो एकटाच ते गाणं कधी ऐकत नाही! बाकी सगळं जग ऐकतं. चौकशी करता कळलं, की गेले तीन महिने माझे व्याही, माझे जुने साहेब, भजनी मंडळाचे चिटणीस असे सगळे ती बाई ऐकत होते. मला कोणी बोललं नाही. निवृत्तीनंतर माणूस बदलतो, अशी सर्वांनी समजूत करून घेतली होती.

मी कपाटातून बिलं काढली. तोपर्यंत मी बिल भरत असे, वाचत नसे. तिन्ही बिलांवर एक ओळ होती : 'मूल्यवर्धित सेवा, ९९ रुपये.' फोड अशी : गाण्याचे ३०, क्रिकेटच्या बातम्यांचे ३० आणि 'लव्ह टिप्स'चे ३९.

शेवटची ओळ आमच्या सौभाग्यवतीनं माझ्या खांद्यावरून वाचली. "ह्या कसल्या टिप्स?" तिनं विचारलं. मी शपथेवर सांगितलं, की मी असलं काही मागवलेलं नाही. त्यावर ती म्हणाली, "ते दिसतंच आहे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यातली एखादी जरी अंमलात आणली असतीत, तर पैसे वसूल झाले म्हटलं असतं."

आता या 'मूल्यवर्धित' शब्दाकडे बघा. किती सोज्ज्वळ शब्द! चोरीला इतकं सुसंस्कृत नाव आमच्या संस्कृत पंडितांनाही सुचलं नसतं. मूल्य वाढलं यात शंका नाही. माझ्या खिशातलं कमी झालं आणि त्यांच्या खिशातलं वाढलं. उद्या पाकीटमारानं 'भारनिवारक सेवा' अशी पाटी लावली, तर आपण त्याच्यापुढेही रांग लावू.

मी कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, बिलासाठी तमुक दाबा, असं दाबत दाबत मी एका माणसापर्यंत पोचलो, तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. तोपर्यंत एक आवाज दर मिनिटाला मला सांगत होता, की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. माझा कॉल इतका महत्त्वाचा असल्याचं ऐकून मला आधी संकोच वाटला, मग संशय आला.

मुलगा गोड होता. ही सगळी मुलं गोड असतात. म्हणाला, "सर, सेवा तुम्हीच सुरू केली आहे. सिस्टम दाखवतंय."

"मी नाही केली."

"सर, तुमच्या नंबरवरून स्टार दाबला गेला आहे."

"कोणी दाबला?"

"ते सिस्टम दाखवत नाही सर."

सिस्टमला दिव्यदृष्टी असते, पण ती सोयीची. मला मागाहून उलगडा झाला तो असा. कधी तुम्हाला फोन येतो, गाणं वाजतं आणि आवडलं तर स्टार दाबा म्हणतात. कधी फोनच्या पडद्यावर आपोआप एक चौकट उगवते. त्या वेळी तुमचा बटणांचा फोन खिशात असतो आणि खिशात किल्ल्याही असतात. म्हणजे 'लव्ह टिप्स'ला संमती दिली ती बहुधा माझ्या लॅचच्या किल्लीनं! या सेवा पुरवणारी मंडळी वेगळी असतात, पण वसुली तुमच्या फोन कंपनीच्या बिलातून होते आणि वसुलीतला वाटा कंपनीलाही मिळतो. तेव्हा खिशातल्या किल्लीला कोण कशाला अडवील?

बरं, कायदा नव्हता असंही नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, म्हणजे ट्रायनं, १० जुलै २०१३ रोजी हुकूम काढला होता, की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची संमती दोनदा घ्यावी आणि दुसरी संमती तिऱ्हाइताच्या यंत्रणेतून घ्यावी. बंद करायला १५५२२३ हा फुकट नंबरही ठेवला होता. दोनदा संमती! आमच्या लग्नात माझी संमती एकदाही कोणी विचारली नव्हती. इथे एका गाण्यासाठी सरकार दोनदा विचारायला सांगत होतं, आणि तरी ढोल वाजलाच.

हा हुकूम मी त्या मुलाला वाचून दाखवला. तो थोडा वेळ गप्प राहिला. पलीकडे कोणाशी तरी कुजबुजला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक आहात. गुडविल म्हणून आम्ही ५० टक्के रक्कम परत करू."

वाचकहो, या 'गुडविल'चा मला मनापासून राग आहे. समजा, तुमच्या घरात चोर शिरला. तुम्ही त्याला पकडलंत. तो म्हणाला, "साहेब, तुमचं घर जुनं आहे, आमचंही येणंजाणं जुनं. तेव्हा चार वाट्यांपैकी दोन ठेवून जातो." तर तुम्ही त्याला चहा पाजाल का? पैसे माझे असतील तर सगळे परत द्या. माझे नसतील तर दमडी देऊ नका. अर्धे परत देणं याचा अर्थ अर्धी कबुली, असा मी घेतला आणि तक्रार क्रमांक मागितला. त्यानं दिला. अकरा आकडी होता. मी तो दोनदा वाचून घेतला आणि एका शंभर पानी वहीत लिहिला.

इथून पुढे माझी लढाई कंपनीशी कमी आणि आमच्या सोसायटीशी जास्त झाली. बातमी पसरली. जिन्यात जो भेटे तो म्हणे, "जाऊ द्या हो! नव्व्याण्णव रुपयांसाठी कुठे डोकं फोडता?" डॉक्टर म्हणाले, "जाऊ द्या, बीपी वाढेल." मुलगा म्हणाला, "बाबा, जाऊ द्या ना, मी देतो तुम्हाला नव्व्याण्णव." जणू मी भुकेनं रडत होतो!

सर्वांत जोर केला तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी. ते बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे हिशेबानं बोलतात. त्यांनी कागदावर मांडूनच दाखवलं. तीन महिन्यांचे मिळून येणे २९७ रुपये. झेरॉक्स, रिक्षा, टपाल आणि दुपारची झोप यांचा खर्च सुमारे ३४० रुपये. "म्हणजे ४३ रुपयांचा तोटा," ते विजयी मुद्रेनं म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, तुमच्या बँकेत संध्याकाळी ताळा जुळत नसे, तेव्हा काय करत होता?"

"बसत होतो. जुळेपर्यंत."

"किती वाजेपर्यंत?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "एकदा रात्री सव्वानऊपर्यंत बसलो होतो. शेवटची कर्जत चुकणार होती. दहा पैशांचा फरक येत होता."

"मग खिशातले दहा पैसे टाकून घरी का नाही गेलात?"

"असं कसं?" ते तडकले. "प्रश्न दहा पैशांचा नव्हता. दहा पैशांचा फरक म्हणजे आत कुठेतरी..." आणि ते थांबले. कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला.

तेच तर म्हणतोय मी! दहा पैशांचा फरक म्हणजे आत कुठेतरी काहीतरी सडलेलं असतं. आणि ही रक्कम ९९ का असते, ९९० का नसते, याचा कधी विचार केलात? ९९० गेले तर तुम्ही-आम्ही कंपनीच्या दारात ओरडत जाऊ. ९९ गेले तर जाऊ द्या म्हणू. ही रक्कम कोणीतरी आपल्याला नीट ओळखून ठरवलेली आहे. हा सगळा धंदा उपग्रहावर चालत नाही की संगणकावर चालत नाही. तो आपल्या 'जाऊ द्या'वर चालतो. ते या धंद्याचं भांडवल आहे आणि ते आपण बिनव्याजी पुरवतो. जो मध्यमवर्गीय माणूस भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची जुडी वरती फुकट मागतो, कचरेवालीनं दहा रुपये वाढवून मागितले तर सोसायटीची सभा बोलावतो, तोच वातानुकूलित ऑफिसातल्या कंपनीनं खिशात हात घातला की उदार होतो. याला मी मनाचा मोठेपणा म्हणत नाही. कोथिंबीरवालीपुढे आपल्याला लाज वाटत नाही आणि टायवाल्यापुढे वाटते, एवढाच त्याचा अर्थ.

असो. कंपनीनं तक्रार 'निकाली' काढली. निकाली म्हणजे बंद केली. मग मी अपील केलं. २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला अपील ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो आणि अपिलाचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. हा अधिकारी कंपनीनंच नेमलेला असतो. सासूविरुद्धचं गाऱ्हाणं सासऱ्यांपुढे मांडण्यासारखाच हा प्रकार. पण कधी कधी सासरेही सासूला वैतागलेले असतात, ही आशा धरून मी अर्ज लिहिला. त्यात एकच प्रश्न विचारला : माझ्या दोन संमतींची तारीख आणि वेळ कळवा. दरम्यान ट्रायलाही लिहिलं. नावच ट्राय असल्यामुळे प्रयत्न करायला हरकत नव्हती. पण एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करण्याचं काम कायद्यानं त्यांना दिलेलंच नाही, असं कळलं.

ग्राहक मंचात जाऊ म्हटलं, तर वकील असलेला भाचा म्हणाला, "मामा, ते दार बंद आहे." २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालानं टेलिफोनच्या बिलाचे तंटे ग्राहक मंचाबाहेर गेले होते. कारण काय, तर १८८५च्या तार कायद्यात अशा तंट्यांसाठी लवादाची सोय होती. आता ऐका. आपल्या देशातली तार जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. म्हणजे ज्या महिन्यात दोन संमतींचा हुकूम निघाला, त्याच महिन्यात तार गेली. तार मेली, पण तिचा कायदा मोबाईलवाल्याच्या वाटेत पिंपळावरच्या मुंजासारखा बसून राहिला.

ते दार पुन्हा उघडायला २०२२ साल उजाडावं लागलं. अहमदाबादच्या एका ग्राहकाची ती हकीकत मी नंतर वर्तमानपत्रात वाचली आणि त्या न पाहिलेल्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला. त्याचं मासिक भाडं २४९ रुपये. सरासरी बिल ५५५ रुपये. आणि नोव्हेंबर-डिसेंबर २०१३च्या महिन्याचं बिल आलं २४,६०९ रुपये ५१ पैसे! तो मे २०१४ मध्ये, म्हणजे माझ्याच साली, ग्राहक मंचात गेला. कंपनी म्हणाली, इथे यायचा तुला अधिकारच नाही. हा वाद चढत चढत दिल्लीला गेला आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की आहे, अधिकार आहे, ग्राहक इथे येऊ शकतो. म्हणजे पावणेआठ वर्षं भांडून ठरलं ते एवढंच, की त्यानं दार कोणतं ठोठवायचं! बिल खरं की खोटं, तो प्रश्न वेगळाच. त्या माणसालाही शेजाऱ्यांनी जिन्यात गाठून 'जाऊ द्या' म्हटलंच असेल. त्यानं जाऊ दिलं नाही, म्हणून आज तुम्हाला-मला ते दार उघडं आहे.

माझं घोडं मात्र तेवढं लांब धावलं नाही. माझ्या दोन संमतींची वेळ कंपनीला सापडली नाही. एकतिसाव्या दिवशी पत्र आलं आणि पुढच्या बिलात 'समायोजन : वजा २९७ रुपये' अशी ओळ उमटली. मी ते बिल घेऊन तीन जिने चढलो आणि बँकवाल्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा तपासलं आणि म्हणाले, "सेवाकर परत दिला नाही त्यांनी." मग आम्ही दोघांनी मिळून दुसरा अर्ज लिहिला.

इथे हा लेख संपवला असता, तर मला बरं वाटलं असतं. पण खाली आमचे वॉचमनमामा होते.

बिल हातात घेऊन मी फाटकाशी भाषण करत होतो, ते मामांनी ऐकलं. म्हणाले, "साहेब, माझा पण फोन बघा जरा. जुना झालाय. बॅलन्स गळतो."

"गळतो म्हणजे?"

"रविवारी पन्नासचं मारलं, की बुधवारपर्यंत तीस गळून जातात. डबडाच आहे. नवीन घ्यायला पाहिजे."

गळक्या नळाबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. मी त्यांच्या फोनवरून १५५२२३ लावला. गळती सापडली. मामांच्या फोनवर एक सेवा इंग्रजी शिकवत होती आणि दुसरी सिनेनटांच्या भानगडी पुरवत होती. मामांना इंग्रजी वाचता येत नाही. ते पन्नास रुपये गावाकडे मुलीशी बोलायला असायचे. आणि तीस गळले म्हणून, फोन जुना झालाय म्हणून, ते गेले वर्षभर तिच्याशी थोडक्यात बोलून फोन ठेवत होते.

दोन्ही सेवा बंद केल्या. मग मी वही उघडली आणि मागचे पैसे मागायचं म्हटलं. पण प्रीपेडवाल्याकडे बिल नसतं. कोणत्या दिवशी कशाचे पैसे गेले, तो तपशील मागता येतो, पण त्याला आकार पडतो. नियमाप्रमाणे जास्तीत जास्त पन्नास रुपये! तीस रुपये कुठे गेले, हे कळायला पन्नास. मी म्हटलं, "मामा, पन्नास मी भरतो, आपण अर्ज करू."

मामा ओशाळले. टोपी सारखी करत म्हणाले, "जाऊ द्या साहेब. गळायचं थांबलं ना, झालं."

तोच शब्द. पण बँकवाल्यांच्या तोंडून तो ऐकला होता, तेव्हा मला चीड आली होती. मामांच्या तोंडून ऐकला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. आपण 'जाऊ द्या' म्हणतो, कारण आपल्याला परवडतं. मामा म्हणतात, कारण त्यांना भांडणं परवडत नाही. आपल्याकडे बिल असतं, इंग्रजी असतं, दुपार मोकळी असते आणि भाचा वकील असतो. एवढं सगळं असून आपण तक्रार करत नाही, म्हणून कंपनीला वाटतं की कोणाची तक्रारच नाही, आणि मग ती निवांतपणे मामांच्या पन्नासातले तीस काढते. आपल्या औदार्याचं बिल मामा भरतात.

आता काळ बदलला, असं मुलगा म्हणतो. बदलला खरा. हॅलो ट्यूनची जागा 'पहिला महिना फुकट'नं घेतली. तिकीट काढायला जावं तर कोपऱ्यात आधीच खूण करून ठेवलेला विमा असतो. आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला भुलभुलैया. या फसवणुकीचे तेरा प्रकार केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मोजून जाहीर केले आणि त्यांना मनाई केली. तक्रारीसाठी १९१५ हा नंबरही आहे. थोडक्यात, नियम तेव्हाही होते आणि आताही आहेत. नियमाचा कागद घेऊन तीन जिने चढणारे आजोबा तेवढे हवे आहेत.

कालचीच गोष्ट. नातवानं माझ्या फोनवर कुठलंसं कार्टून एक रुपयात सुरू केलं होतं. या महिन्यात त्याचे १४९ गेले. मी वही काढली, चष्मा पुसला. आतून आवाज आला, "आता भर उन्हात कुठे निघालात?"

"तिसऱ्या मजल्यावर. बँकवाल्यांना बोलवायला."

"किती गेले?"

"एकशे एकोणपन्नास."

क्षणभर शांतता. मला वाटलं, आता येणार तो शब्द. पण ती म्हणाली, "मग छत्री घेऊन जा. आणि सेवाकर का काय ते, तेसुद्धा मागा."

मी म्हटलं, "त्याला आता जीएसटी म्हणतात."

"काही का म्हणेनात," ती म्हणाली. "मागा."